अडीच तासांच्या नाटकात हवा तो प्रवेश सापडत नाही: व्हिडिओ साइटचा प्लेअर आणि शोध सुधारायचा आहे

रंगपट_फ्रंटएंड

नमस्कार मंडळी,

मराठी नाटकं, कीर्तनं आणि व्याख्यानमालांची रेकॉर्डिंग दाखवणाऱ्या एका साइटचं काम आमच्याकडे आहे. व्हिडिओ एचएलएसमध्ये (छोटे तुकडे करून पाठवायची पद्धत) जातो, ब्राउझरमध्ये ते चालवणारी एचएलएस-जेएस लायब्ररी आणि त्यावर आम्ही लिहिलेली बटणं. शोधासाठी इलॅस्टिकसर्च हे शोधयंत्र आहे. बहुतेक रेकॉर्डिंग दोन ते अडीच तासांची. प्रेक्षकांत साठीच्या पुढचे बरेच. त्यांच्याकडे साधे अँड्रॉइड फोन. काही जण टीव्हीच्या ब्राउझरवर पाहतात, परदेशातली मंडळी आयफोन आणि लॅपटॉपवर.

तक्रारी अशा येतात:

– फोनवर सरकपट्टी जराशी हलवली की नाटक वीस मिनिटं पुढे जातं. आधी कुठे होतो ते परत सापडत नाही.
– ‘किर्तन’ लिहिलं तर काहीच मिळत नाही, ‘कीर्तन’ लिहिलं तर मिळतं. ‘दुसऱ्या’ हा शब्द कधी सापडतो, कधी नाही.
– आयफोनवर फुल स्क्रीन केलं की आमची बटणं आणि सबटायटल गायब.
– यादीतल्या शीर्षकांच्या वेलांट्या आणि रफार कापले जातात.
– ‘पुढे पाहा’ या रांगेत पूर्ण बघून झालेली नाटकंही पडून राहतात.

काम करणारे आम्ही दोघंच. व्यवस्थापनाला मात्र आधी नवं मुखपृष्ठ हवंय, वर आपोआप चालू होणारा मोठा व्हिडिओ बॅनर टाकून. तुमच्या मते सुरुवात कुठून करावी? आणि वरच्या गोष्टी नेमक्या कशा दुरुस्त करायच्या?

---

सरकपट्टी

मुखपृष्ठ सर्वात शेवटी. तुमच्या प्रेक्षकाला काय बघायचंय ते बहुधा ठरलेलं असतं. त्याचा सगळा त्रास दोनच जागी आहे: शोधाच्या चौकटीत आणि प्लेअरमध्ये. मी प्लेअरबद्दल लिहितो.

वीस मिनिटांची उडी का बसते ते गणितानेच दिसतं. ३६० पिक्सेल रुंदीच्या फोनवर दोन्हीकडची मोकळी जागा सोडून पट्टीला ३२८ पिक्सेल मिळतात. अडीच तास म्हणजे ९,००० सेकंद. म्हणजे एका पिक्सेलला साधारण २७ सेकंद. बोटाचा स्पर्श ४४ पिक्सेलचा धरला तर बोटाखाली वीस मिनिटं झाकली जातात! पट्टी जाड केल्याने हे सुटणार नाही, कारण अडचण लांबीची आहे. फोनवर पट्टी फक्त ढोबळ जागेसाठी ठेवा आणि नेमकं पोचायला दुसरे मार्ग द्या.

पहिला मार्ग, १० सेकंद मागे आणि १० सेकंद पुढे अशी कायम दिसणारी दोन बटणं. डबल टॅप ठेवायचं तर ठेवा, पण ते पडद्यावर कुठेच दिसत नसल्यामुळे ज्यांना आधीच ठाऊक आहे तेच वापरतात. बटण ४८ पिक्सेल, दोन बटणांमध्ये किमान ८ पिक्सेल अंतर. डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये (वेब सर्वांना वापरता यावं यासाठीचे नियम) एए या मधल्या पातळीला २४ पिक्सेल चालतात, पण ती अगदी खालची मर्यादा आहे. तुमच्या वयोगटाला ती पुरणार नाही.

दुसरा मार्ग, ओढताना चित्र दाखवा. दर १० सेकंदांना एक फ्रेम, १६० बाय ९० आकाराची. एफएफएमपेग या व्हिडिओ प्रक्रियेच्या साधनात एफपीएस, स्केल आणि टाइल हे तीन फिल्टर ओळीने लावले की १० बाय १० चा एक तक्ता तयार होतो. एका तक्त्यात १०० फ्रेम, म्हणजे १६ मिनिटं ४० सेकंद. अडीच तासांच्या नाटकाला नऊ तक्ते. ते सगळे आधी उतरवू नका, बोट ज्या भागात असेल तेवढाच मागवा. कोणती वेळ कुठल्या तक्त्यात, कुठल्या चौकोनात, ते वेबव्हीटीटी फाइलमध्ये (वेळेनुसार मजकूर नोंदायची साधी फाइल) लिहायचं.

आता नेहमी होणारी चूक. पट्टी ओढली जात असताना प्रत्येक हालचालीला व्हिडिओची वेळ बदलू नका. तसं केलं की प्रत्येक थांब्याला नवा तुकडा मागवला जातो आणि अर्ध्यात सोडून दिला जातो. मंद नेटवर्कवर प्लेअर अडकतो तो इथेच. ओढताना फक्त चित्र आणि वेळेचा आकडा बदला, बोट उचललं की एकदाच वेळ बदला. आणि मोठी उडी झाली, समजा ६० सेकंदांपेक्षा जास्त, तर पट्टीच्या वर आठ-दहा सेकंद ‘परत १:१२:३० वर’ असं बटण दाखवा. चुकून गेलेल्या माणसाची सुटका एका स्पर्शात होते. तुमच्या पहिल्या तक्रारीवर सगळ्यात कमी कष्टाचा उपाय हाच.

पट्टी स्वतः रंगवलेल्या डिव्हची (पानावरच्या साध्या चौकटीची) असेल तर ती काढून ब्राउझरची तयार सरकपट्टी, म्हणजे रेंज इनपुट, घ्या. बाणाच्या कळा फुकट चालतात. टप्पा ५ सेकंदांचा ठेवा. मात्र एरिया-व्हॅल्यूटेक्स्ट, म्हणजे स्क्रीन रीडरने (पडदा वाचून दाखवणारं साधन) वाचायचा मजकूर, भरायला विसरू नका. नाहीतर स्क्रीन रीडर ‘४३५०’ एवढंच वाचतो. तिथे ‘१ तास १२ मिनिटं ३० सेकंद’ ऐकू यायला हवं.

तिसरा मार्ग, आणि तुमच्या मालासाठी सर्वात मोलाचा: प्रकरणं पाडा. नाटकाला अंक आणि प्रवेश आहेतच. संगीत नाटक असेल तर नांदीपासून प्रत्येक पद वेगळं नोंदवा, लोक पद ऐकायलाच परत येतात. नारदीय कीर्तनाला पूर्वरंग, मधला नामजप आणि उत्तररंग हे सांधे तयारच आहेत. व्याख्यानात शेवटची प्रश्नोत्तरं वेगळी काढा. ही यादी पट्टीवरच्या बारीक खुणांपुरती ठेवू नका. व्हिडिओच्या खाली नाव आणि वेळ अशी साधी, दाबता येणारी यादी हवी.

वेळा हाताने नोंदायचं ओझं वाटत असेल तर एफएफएमपेगच्या ब्लॅकडिटेक्ट फिल्टरने अर्धं काम होतं. प्रवेश संपला की रंगमंचावर अंधार होतो, तो फिल्टर नेमका तो अंधार शोधतो. मूळ मापं मात्र नाट्यगृहाच्या रेकॉर्डिंगला चालत नाहीत. किमान कालावधी २ सेकंद धरलेला असतो, तो १ वर आणा. कॅमेऱ्याचा अंधार कधीच पूर्ण काळा नसतो, म्हणून पिक्सेलची मर्यादा ०.१० वरून ०.१५ च्या आसपास न्या. फ्रेममध्ये दरवाजावरचा लाल दिवा येत असेल तर चित्राचा काळा भाग ०.९८ ऐवजी ०.९५ पुरेसा धरा. जे निघेल ते माणसाने एकदा तपासायचंच, कारण प्रकाशयोजनेतले अंधारही त्यात येणार.

---

काना_मात्रा

शोधाबद्दल मी लिहिते. आधी ‘दुसऱ्या’चं कोडं, कारण ते मराठीचंच आहे आणि बाहेरून घेतलेल्या कुठल्याही तयार शोधयंत्रात ते निघतंच.

हा अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. काही कळफलक ‘ऱ’ हे वेगळं अक्षर, मग हलन्त, मग ‘य’ असं देतात. काही साधा ‘र’, हलन्त, त्यानंतर न दिसणारा शून्य-रुंदीचा जोडक आणि मग ‘य’ असं देतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. तुमच्या शीर्षकांत दोन्ही मिसळलेले असणार, कारण माहिती वेगवेगळ्या माणसांनी भरली. युनिकोडच्या एनएफसी रूपाने (अक्षरं एकाच ठरावीक पद्धतीत आणणं) हे जुळत नाही. ते ‘र’ आणि नुक्ता यांचा ‘ऱ’ करतं, जोडकाला हात लावत नाही.

इलॅस्टिकसर्चमधला तयार हिंदी विश्लेषक (मजकुराचे शोधण्याजोगे शब्द करणारा भाग) आहे तसा घेऊ नका, त्यातले भाग सुटे करून घ्या. क्रम असा: शब्द सुटे करणारा प्रमाणित टोकनायझर, लोअरकेस, दशमान अंकांचा फिल्टर, आणि लेखनातले फरक एक करणारी इंडिक नॉर्मलायझेशन व हिंदी नॉर्मलायझेशन. अंकांच्या फिल्टरमुळे ‘१९६०’ देवनागरीत लिहा की इंग्रजी अंकांत, एकच होतं. हिंदी नॉर्मलायझेशन ‘ऱ’चा ‘र’ करतं, जोडक आणि हलन्त काढून टाकतं, दीर्घाचं ह्रस्व करतं, ‘आनन्द’चा ‘आनंद’ करतं. म्हणजे ‘दुसऱ्या’ आणि ‘किर्तन’ हे दोन्ही प्रश्न याच पायरीवर संपतात.

हिंदीचे दोन भाग वगळायचे. एक, वर्ज्य शब्दांची यादी. तिच्यात ‘एक’, ‘का’, ‘या’, ‘तो’, ‘ही’ आहेत आणि मराठी शीर्षकातून ते गेले तर शीर्षकच मोडतं. दुसरा, हिंदीचा स्टेमर, म्हणजे प्रत्यय तोडून मूळ शब्द काढणारा भाग. तो मराठी प्रत्यय ओळखत नाही.

ह्रस्व-दीर्घ एक केल्याची किंमतही आहे: ‘दिन’ आणि ‘दीन’ एकच होतात. म्हणून प्रत्येक शीर्षकाची दोन क्षेत्रं ठेवा, एक जसंच्या तसं आणि एक वर सांगितल्याप्रमाणे गाळलेलं. जसंच्या तसं जुळलं तर तिप्पट वजन द्या. शुद्ध लिहिणाऱ्याला नेमकं वर मिळतं, चुकलेल्यालाही काहीतरी मिळतंच.

आता विभक्ती. इथे बरेच जण एज एन-ग्राम (शब्दाच्या सुरुवातीचे वाढत जाणारे तुकडे साठवणं) लावून मोकळे होतात. ‘नाटक’ लिहिल्यावर ‘नाटकातील’ त्याने सापडतं, पण ‘पुणे’ लिहिल्यावर ‘पुण्यातील’ सापडत नाही, कारण सामान्यरूपात मूळ शब्दच बदलला. छोटी प्रत्यययादी स्वतः करा: ‘्यातील’, ‘ातील’, ‘ाच्या’, ‘ांनी’, ‘ावर’, ‘ाला’, ‘ात’ अशी. सगळ्यात लांब प्रत्यय आधी तोडा, मग उरलेल्या शब्दाची शेवटची मात्रा काढा. ‘पुणे’ आणि ‘पुण्यातील’ दोन्ही ‘पुण’वर येतात. ही काटछाट हलन्त काढायच्या आधी व्हायला हवी, नाहीतर ‘्यातील’ ओळखूच येणार नाही. अपवादांची यादीही लागेल: ‘गुजरात’चा ‘ात’ तुटून ‘गुजर’ उरतो. शब्द तोडून दोन अक्षरांपेक्षा कमी उरत असेल तर तोडू नका. पूर्ण व्याकरण बांधायच्या मागे लागू नका. तीस-चाळीस प्रत्यय आणि अपवादांची हळूहळू वाढणारी यादी, एवढ्यावर शीर्षकांचा शोध चांगला चालतो.

रोमन अक्षरांत मराठी लिहिणारे खूप असतात, परदेशातून तर जास्तच. प्रत्येक शीर्षकाचं रोमन रूप वेगळ्या क्षेत्रात साठवा आणि साठवताना व शोधताना तेच नियम लावा: डब्ल्यू आणि व्ही एक, दोन ए चा एक, दोन ई चा आय, दोन ओ चा यू, शेवटचा ए काढून टाका.

‘काहीच मिळालं नाही’ हे पान रिकामं सोडू नका. जवळचे तीन-चार शब्द सुचवा, आणि असा प्रत्येक न सापडलेला शब्द नोंदवून ठेवा. दर आठवड्याला ती यादी वाचणं हे तुमच्या साइटवरचं सर्वात स्वस्त संशोधन आहे.

मात्रा कापल्या जातात ते ओळीच्या उंचीमुळे. रोमन मजकुरासाठी ठेवलेली १.२ किंवा १.३ देवनागरीला अपुरी पडते. वर रफार आणि अनुस्वार, खाली उकार, आणि शीर्षकाच्या डब्याला ओव्हरफ्लो हिडन, म्हणजे बाहेर गेलेलं लपवायचा नियम. १.६ ठेवा. अक्षरांमधलं अंतर वाढवणारा नियम देवनागरीवर कुठेही नको, शिरोरेषा तुटते. लांब शीर्षक जावास्क्रिप्टने तीस वर्णांवर कापत असाल तर ते आधी थांबवा: ‘महाराष्ट्र’ नेमका हलन्तावर तुटून ‘महाराष्ट्’ असा लोंबकळत राहतो. सीएसएसने दोन ओळींवर थांबवा. आणि पानाची भाषा मराठी म्हणून घोषित करा. नोटो सान्स देवनागरीसारख्या फाँटमध्ये त्यावरूनच मराठी वळणाचे ल आणि श येतात.

---

रंगपट_फ्रंटएंड

खूप आभार, दोघांचेही. ‘परत १:१२:३० वर’ हे बटण चाचणीच्या प्रतीत घातलं, उपयोग लगेच दिसतो.

शोधात एक अडचण उरली. नवी नॉर्मलायझेशन लावल्यावर ‘दुसऱ्या’ आता मिळतं. पण टाइप करतानाच्या सूचनांसाठी एज एन-ग्राम ठेवलाय, आणि ‘पुस्तक’ लिहिलं की ‘पु’पासून सुरू होणारं सगळं येतं.

आणखी दोन प्रश्न. लॅपटॉपवर प्लेअर चालवायला के, जे, एल या कळा आम्ही दिल्यात, काहींच्याकडे चालतात, काहींच्याकडे अजिबात नाही. आणि स्वतःची बटणं टाकून सरळ ब्राउझरचीच वापरावीत का? निम्मी डोकेदुखी तिथेच कमी होईल असं वाटतं.

---

काना_मात्रा

एन-ग्राम फक्त साठवताना लावायचा. शोधतानाही तोच विश्लेषक चालला की ‘पुस्तक’चे ‘पु’, ‘पुस’ असे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे जुळतो. त्या क्षेत्राला शोधाचा विश्लेषक वेगळा द्या: बाकी सगळं तेच, एन-ग्राम तेवढा वगळून. बदलल्यावर इंडेक्स नव्याने भरा.

कळांचं कारण कळफलकच आहे. तुम्ही दाबलेलं अक्षर तपासताय, म्हणजे इव्हेंट.की. इन्स्क्रिप्ट हा मराठी कळफलक चालू असेल तर के दाबल्यावर ‘क’ येतो, जे वर ‘र’, एल वर ‘त’. म्हणजे ज्यांनी आत्ताच मराठीत शोधलं त्यांच्याकडेच कळा बंद पडतात. त्याऐवजी इव्हेंट.कोड तपासा, तो कळेची जागा सांगतो, अक्षर नाही. शोधाच्या चौकटीत फोकस असेल किंवा शब्द अजून जुळवला जात असेल तर कळा पूर्ण सोडून द्या. एका अक्षराच्या कळा बंद करायची सोय सेटिंगमध्येही ठेवा, डब्ल्यूसीएजीची तशी अट आहे.

फोनवरच्या सूचनांसाठी कीडाउनवर (कळ दाबल्याची खबर) विसंबू नका. अँड्रॉइडच्या बऱ्याच कळफलकांवर तिथे कुठल्याही अक्षराला २२९ हाच आकडा येतो. इनपुट इव्हेंट ऐका, शेवटच्या अक्षरानंतर २०० ते ३०० मिलिसेकंद थांबून मगच विचारणा पाठवा.

---

दहा_फुटांवरून

ब्राउझरची बटणं वापरावीत का, यावर माझं मत: लॅपटॉप आणि अँड्रॉइडवर नको, आयफोनच्या फुल स्क्रीनमध्ये मात्र त्यांनाच पुढे करा.

आयफोनच्या सफारीत अख्खा डिव्ह फुल स्क्रीन होईल असं गृहीत धरू नका. सुविधा आहे का ते आधी तपासा. नसेल तर फक्त व्हिडिओ घटक फुल स्क्रीन होतो आणि वर फोनचा स्वतःचा प्लेअर येतो. तुमची बटणं डिव्हमध्ये आहेत, म्हणून ती मागे राहतात. सबटायटलही तुम्ही डिव्हमध्ये रंगवत असणार, म्हणून तीही. ती वेबव्हीटीटीच्या रूपात एचएलएसच्या यादीतच घाला, फोनचा प्लेअर ती आपली आपण दाखवतो. पानाच्या आतच चालायला प्लेज-इनलाइन हा गुणधर्म हवा. आयफोनवर आवाजाची पट्टी लपवा, जावास्क्रिप्टने तिथे आवाज बदलत नाही, चालत नसलेलं बटण दाखवणं वाईट. एचएलएस ब्राउझर स्वतःच चालवत असेल तर दर्जाची निवडही तुमच्या हातात नसते, तोही मेनू लपवा.

बाकी ठिकाणी दर्जाच्या मेनूत नुसतं ‘४८०’ लिहू नका. साध्या प्रेक्षकाला त्यातून काही कळत नाही, डेटा किती जाईल हे कळतं. हिशेब सोपा: ८०० केबीपीएस म्हणजे तासाला ३६० एमबी, १.५ एमबीपीएस म्हणजे ६७५ एमबी, ३ एमबीपीएस म्हणजे १.३५ जीबी. ‘कमी डेटा, तासाला साधारण ३६० एमबी’ असं लिहा. व्याख्यान आणि कीर्तनासाठी नुसत्या आवाजाचा पर्यायही द्या: ६४ केबीपीएसला तासाला २९ एमबी लागतात, आणि कित्येकांना ऐकायचंच असतं.

बटणं आपोआप लपण्याचा काळ ३ सेकंद बरा, पण तीन प्रसंगी लपवायचं नाही: व्हिडिओ थांबवलेला असताना, एखाद्या बटणावर फोकस असताना, मेनू उघडा असताना.

‘पुढे पाहा’ची रांग. जागा दर १५ सेकंदांनी, थांबवल्यावर आणि पान नजरेआड गेल्यावर नोंदवा. तिसऱ्यासाठी व्हिजिबिलिटीचेंज (पान दिसेनासं झाल्याची खबर) आणि सेंडबीकन (जाता जाता सर्व्हरला नोंद पाठवणं) वापरा. फोनवर पान बंद होताना बिफोरअनलोड या इव्हेंटचा भरवसा नाही, तुमची जागा हरवते ती बहुतेक तिथेच. पहिल्या मिनिटाच्या आत सोडलं तर रांगेत घेऊ नका. ‘पूर्ण झालं’ हे नुसत्या टक्क्यांवर ठरवलं की नाटकात फसतं: अडीच तासांचे ५ टक्के म्हणजे साडेसात मिनिटं, आणि तेवढ्यात शेवटचा प्रवेश चालू असू शकतो. पडदा पडतो ती वेळ प्रकरणांच्या यादीत नोंदवा आणि ती ओलांडली की रांगेतून काढा. कार्डावर ‘रांगेतून काढा’ हेही हवंच. पुन्हा सुरू करताना ८–१० सेकंद मागून करा, संवादाचा धागा मिळतो. दोन उपकरणं असतील तर सर्व्हरवर शेवटी आलेली नोंद खरी धरा, फोनच्या घड्याळावर जाऊ नका.

टीव्हीबद्दल थोडक्यात. रिमोटवर चार बाण आणि ओके एवढंच धरून चला. फोकस कुठे आहे ते खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसायला हवं: जाड चौकट आणि कार्ड थोडं मोठं, नुसता रंगबदल पुरत नाही. कडेला ५ टक्के जागा मोकळी सोडा. परत जायच्या कळेचा आकडा एलजीच्या वेबओएसवर ४६१, सॅमसंगच्या टायझनवर १०००९. तो पकडला नाही तर मेनू बंद व्हायच्या ऐवजी अख्खी साइट बंद होते. पासवर्ड रिमोटने टाइप करायला लावू नका, टीव्हीवर छोटा संकेतांक दाखवा आणि तो फोनवर भरून घ्या. ओऑथ या लॉगिन-परवानगीच्या मानकात उपकरणांसाठीची ही पद्धत २०१९ पासून प्रमाणित आहे.

---

सरकपट्टी

बॅनरचं राहिलं होतं. व्यवस्थापनाला अशी कारणं द्या, ती चटकन पटतात. आवाजासकट आपोआप चालणारा व्हिडिओ क्रोम २०१८ पासून सहसा अडवतोच. प्ले नाकारला जातो आणि तुम्ही तो नकार हाताळला नाही तर काळा चौकोन उरतो. मुका चालवला तर चालतो, पण नाटकाचा मुका तुकडा काय सांगणार? पाच सेकंदांपेक्षा जास्त काळ आपोआप हलणाऱ्या गोष्टीला थांबवायचं बटण डब्ल्यूसीएजीप्रमाणे द्यावंच लागतं. नेटफ्लिक्सनेही फेब्रुवारी २०२० मध्ये आपोआप चालणाऱ्या झलका बंद करायची सोय दिली.

---

दहा_फुटांवरून

बॅनरला सरसकट नाही म्हणणार नाही. व्याख्यानमाला थेट दाखवली जाते त्या आठवड्यात वरची जागा तिलाच हवी. पण स्थिर चित्र, ‘आज सायंकाळी ६:३०’ आणि एक बटण, एवढंच. चित्र १५० केबीच्या आत ठेवा आणि त्याला लेझी लोडिंग (गरज पडेल तेव्हाच उतरवणं) लावू नका. पानावरचं सर्वात मोठं चित्र तेच असणार, आणि ते अडीच सेकंदांच्या आत दिसणं ही गूगलच्या मापदंडातली चांगली पातळी आहे. शीर्षक चित्रात रंगवू नका. फोनवर ते वाचता येत नाही आणि स्क्रीन रीडरला दिसतही नाही.

---

रंगपट_फ्रंटएंड

हे सगळं व्यवस्थापनापुढे मांडतो. क्रम असा धरलाय: परत जायचं बटण आणि १० सेकंदांची बटणं, शोधाचं नॉर्मलायझेशन, आयफोनची सबटायटल, मग प्रकरणं. सुधारलं की नाही हे कसं पडताळायचं?

---

काना_मात्रा

क्रम बरोबर आहे, फक्त ओळीची उंची आजच बदला, एका ओळीचं काम आहे.

पडताळणीला पाच माणसं पुरतात, असं वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलं. पण ती पाच एकाच प्रकारची. तुमच्याकडे फोनवरचे ज्येष्ठ, लॅपटॉपवरचे परदेशी आणि टीव्हीवाले असे तीन गट आहेत. पहिल्या गटापासून सुरू करा, कारण जास्त अडचण त्यांना आहे. त्यांचाच फोन, त्यांचाच कळफलक, घरातलं नेहमीचं इंटरनेट.

काम सांगताना बटणाचं नाव उच्चारू नका. ‘प्रकरणांच्या यादीतून दुसरा अंक उघडा’ म्हटलं की उत्तर फुटलं. ‘मध्यंतरानंतरचा भाग बघायचाय’ एवढंच सांगा आणि गप्प बसा. काका-काकू ‘इथे दाबू का?’ विचारणारच, ‘मी इथे नाही असं समजा’ म्हणा. चार कामं पुरेत: एक शीर्षक शोधणं, मध्यंतरानंतर जाणं, चुकून पुढे गेल्यावर परत येणं, काल सोडलेलं पुढे चालू करणं. प्रत्येकाला किती वेळ लागला, किती चुकीचे स्पर्श झाले आणि मदतीशिवाय जमलं का, एवढं लिहा. हीच कामं जुन्या साइटवर आत्ताच करून घ्या, बदल चढवल्यावर तुलनेला काही उरणार नाही.

साइटवर चार आकडे मोजा: काहीच न सापडलेले शोध, प्ले दाबल्यापासून पहिलं चित्र येईपर्यंतचा वेळ, पाहण्याच्या वेळातला अडकण्याचा वाटा, आणि उडी मारल्यावर दहा सेकंदांत पुन्हा मारलेली उडी. शेवटचा आकडा फोन आणि लॅपटॉप वेगळा मोजा. फोनवर तो खाली आला नाही, तर प्रकरणांची यादी लोकांना दिसतच नाहीये. ती व्हिडिओच्या लगेच खाली, वर्णनाच्या आधी आणा.